मृत्युपत्र : वेळेवर लिहिलेला कागद

‘शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आपल्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी ऐकू आलेली आहे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मृत्युपत्रावर लिहायचे ठरवले तेव्हा आम्हा बहीण-भावांना आधी तीच आठवली. मोदक-आरत्यांच्या दिवसांत हा विषय कशाला, असे कुणाला वाटले तर त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याही घरात तो असाच पुढे पुढे ढकलला गेला होता. त्याची किंमत आमच्या आईने मोजली, म्हणूनच हे लिहीत आहोत.

आमचे पणजोबा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून नोकरीसाठी बडोद्यास आले. या स्मरणिकेच्या निम्म्या वाचकांच्या घरची कथा अशीच असेल. कुणाचे पणजोबा खानगीत, कुणाचे शिक्षण खात्यात, कुणाचे लष्करात. पोळातले जुने घर, मागे चौक, देवघरात कुळाचे टाक. पुढे घर लहान पडले आणि वडिलांनी स्वतःच्या पगारातून कारेलीबागेत घर घेतले. ते त्यांच्या एकट्याच्या नावावर होते. “मुले दोनच, भांडण कसले होणार?” असे ते म्हणत. बारा वर्षांपूर्वी ते अचानक गेले. मृत्युपत्र नव्हते.

तेव्हा आजी हयात होती. आम्ही समजून चाललो होतो की घर आता आईचे झाले. वकिलांनी समजावले तेव्हा कळले की तसे नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली यांच्याबरोबर त्याची आईही बरोबरीने येते. म्हणजे घराचे चार सारखे हिस्से झाले : आजी, आई आणि आम्ही दोघे. आठ महिन्यांनी आजीही गेली. तिचेही मृत्युपत्र नव्हते. तिचा चौथा हिस्सा तिच्या मुलांकडे गेला : एक भाग काकांना, एक आत्याला आणि एक तिच्या गेलेल्या मुलाची मुले म्हणून आम्हा दोघांना. ज्या घरात आईने तीस वर्षे चूल सांभाळली, त्या घराचा बारावा हिस्सा काकांचा आणि बारावा आत्याचा झाला. घर विकायचे म्हटले तरी त्या दोघांच्या सह्या लागणार होत्या.

यात कुणीही वाईट वागले नव्हते. कायद्याने आपले काम केले. आजीला म्हातारपणी आधार मिळावा हाच त्या तरतुदीचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. पण वडिलांच्या मनात काय होते हे सांगणारा कागद नव्हता, म्हणून कायद्याला स्वतःचे गणित मांडावे लागले.

आत्या इंदूरहून आली आणि हक्कसोड दस्तावर सही करून गेली. सही झाल्यावर म्हणाली, “बाळांनो, मला घर नको होतं. पण आधी नुसतं विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं. माझ्या आईचा हिस्सा होता तो.” तिचे खरे होते. आम्ही तिच्याकडे थेट कागद घेऊन गेलो होतो. काकांची सही मिळायला दोन वर्षे लागली. पोळातल्या घराच्या डागडुजीचा खर्च वर्षानुवर्षे त्यांनी एकट्याने केला होता आणि तो कुणी बोलून दाखवला नव्हता, ही त्यांची जुनी सल होती. त्या दोन वर्षांत आमच्याकडच्या गौरी-गणपतीला काकांकडचे कुणी आले नाही.

या काळात आम्ही कायद्याची पुस्तके चाळली आणि त्यातूनच इतिहासाकडे वळलो. मृत्युपत्र आपल्या समाजात आले कधी? त्याने कुणाचे भले केले, कुणाचे नुकसान? जे सापडले ते आपल्या माणसांचे आणि काही अंशी आपल्या बडोद्याचेही आहे.

आपल्याकडे हा कागद कसा आला

जुन्या हिंदू धर्मशास्त्रात मृत्युपत्र हा प्रकार जवळजवळ नव्हता. कुटुंब एकत्र, मिळकत एकत्र. माणूस गेला तर त्याचा हिस्सा उरलेल्या भाऊबंदांत मिसळून जाई. ज्याला काही ठरवून द्यायचे असेल तो जिवंतपणी वाटणीपत्र करी, दानपत्र करी किंवा दत्तक घेई. पेशवाईतली दप्तरे अशा वाटण्यांच्या आणि दत्तकांच्या तंट्यांनी भरलेली आहेत, पण ‘माझ्या पश्चात असे व्हावे’ असा आजच्या अर्थाचा कागद त्यांत विरळा.

तो रुजला इंग्रजी न्यायालयांच्या काळात, आधी बंगाल्यात. १८७० साली सरकारने ‘हिंदू विल्स ॲक्ट’ केला. पण तो लागू झाला बंगालच्या मुलखाला आणि मुंबई व मद्रास या शहरांना. पुणे, सातारा, नाशिक त्याच्या बाहेर राहिले. तिथल्या हिंदूने तोंडी मृत्युपत्र केले तरी न्यायालय ते पुराव्यावर मानू शकत असे. लेखी, सही केलेले, दोन साक्षीदारांचे मृत्युपत्र हा नियम ब्रिटिश मुलखातील सर्व हिंदूंना लागू झाला तो १ जानेवारी १९२७ पासून. बडोदे संस्थानाचे कायदे तर वेगळेच होते.

त्याच १८७० सालच्या नोव्हेंबरात बडोद्यात खंडेराव महाराज निवर्तले. गादी ही मृत्युपत्राने देण्याची वस्तू नव्हे, पण मागे राहिलेल्यांची अवस्था सामान्य घरासारखीच झाली. महाराणी जमनाबाईसाहेब गरोदर होत्या. मुलगा होतो की मुलगी, यावर सारे अवलंबून राहिले. १८७१ च्या जुलैत कन्या झाली आणि खंडेरावांचे बंधू मल्हारराव यांचे राज्य कायम झाले. जमनाबाईंना बडोद्यापासून दूर राहावे लागले. १८७५ साली मल्हाररावांना पदच्युत केल्यावर त्या परतल्या आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळरावांना त्यांनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. तेच आपले सयाजीराव महाराज. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. आम्ही तो पुन्हा वाचताना जमनाबाईंची ती साडेचार वर्षे मोजली. पती गेल्यावर राजवाड्यातल्या बाईचे काय होईल हे जर न जन्मलेल्या मुलावर ठरत असेल, तर पोळातल्या बाईचे काय होत असेल?

जोतीरावांचा कागद

याचे उत्तर पुण्यात एका माणसाने लिहून ठेवले. महात्मा जोतीराव फुले यांचे बडोद्याशी नाते जुने. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी १८८३ साली लिहिला, त्यातील भाग तरुण सयाजीराव महाराजांना वाचून दाखवला, आणि महाराजांनी त्यांना द्रव्याची मदतही केली. पुढे जोतीराव आजारी पडले तेव्हा मामा परमानंदांनी १८९० साली महाराजांना पत्र लिहून या दांपत्याला साहाय्य करण्याची विनंती केली होती.

जोतीरावांनी आपले मृत्युपत्र केले १० जुलै १८८७ रोजी आणि त्याची नोंदणीही करून घेतली. पुण्यात असे लेखी मृत्युपत्र करण्याची सक्ती तेव्हा नव्हती हे वर आलेच आहे. तोंडी सांगून भागले असते. तरीही त्यांनी ते लिहिले, कारण त्यांच्या घरात रूढीला न पटणाऱ्या दोन गोष्टी होत्या. त्यांना पोटचे अपत्य नव्हते. दत्तक घेतलेला यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा होता. तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे दत्तक सजातीय हवा. असा दत्तक न्यायालयात टिकला असता का, हा प्रश्नच होता. आणि निपुत्रिकाच्या विधवेला मिळकतीवर पूर्ण मालकी नव्हती, केवळ हयातीपुरता मर्यादित हक्क होता.

म्हणून जोतीरावांनी कागदात गोष्टी सरळ नाव घेऊन सांगितल्या. मिळकत आपल्या कष्टाची आहे, तिच्यावर भाऊबंदांचा हक्क नाही, ती सावित्रीबाईंची आणि यशवंतची. यशवंत नालायक निघाला तर काय करावे हेही लिहिले : शूद्रातिशूद्र समाजातला एखादा लायक मुलगा निवडावा. आपल्या अंत्यविधीत भटभिक्षुकी नको, देह मिठात घालून पुरावा, अशी इच्छाही नोंदवली.

हे सगळे केले तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते आणि हिंडते-फिरते होते. पुढच्याच वर्षी, १८८८ साली, त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा अखेरचा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहिला. मृत्युपत्र वर्षभर लांबवले असते तर त्या कागदावरची सही कशी झाली असती, आणि ती खरी की खोटी यावर कोण कोण बोलले असते, याची कल्पना करून पाहावी.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. घराच्या मागे पुरण्याची त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही, वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कुणी धरायचे यावरून नात्यातल्यांनी हरकत घेतली, दत्तक मुलाचा मान त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे त्यांनी स्वतः हाती घेतले. नवऱ्याच्या प्रेतापुढे बायको चालली, ही त्या काळात न ऐकलेली गोष्ट होती.

या एका प्रसंगात मृत्युपत्राची ताकद दिसते आणि मर्यादाही. मिळकत कुणाची हे कागदाने आधीच सांगून ठेवले होते, त्यावर प्रेताच्या दारात बोलण्यासारखे काही नव्हते. पण मान कुणाचा, हे कागद ठरवू शकला नाही. ते बाईंना तिथल्या तिथे ठरवावे लागले. अंत्यविधीची इच्छाही केवळ कागदावर असून पुरत नाही. मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर उघडले जाते, तेव्हा देहदान किंवा नेत्रदानासारखी इच्छा असेल तर ती घरच्यांना तोंडीही सांगून ठेवावी.

ताईमहाराज प्रकरण

दुसरा कागद दहा वर्षांनंतरचा आहे, आणि तो ज्यांच्या हाती आला त्यांच्यामुळे तर आज आपण मांडवात जमतो. सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना देणारे लोकमान्य टिळक.

१८९७ हे साल पुण्याला काळे गेले. प्लेगने थैमान घातले होते. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च रोजी सावित्रीबाई गेल्या. जूनमध्ये रँडचा खून झाला. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. जामिनावर सुटून तीन दिवस होतात तोच त्यांचे स्नेही, पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज, यांना कॉलऱ्याने गाठले. ७ ऑगस्टला त्यांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी ते गेले. व्यवस्थेसाठी त्यांनी टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि आणखी काही जणांना नेमले होते.

मागे राहिल्या कोवळ्या वयाच्या ताईमहाराज, त्याही गरोदर. मृत्युपत्रात असे होते की मुलगा झाला नाही किंवा होऊन गेला, तर विश्वस्तांच्या सल्ल्याने ताईमहाराजांनी दत्तक घ्यावा. १८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि दोन महिन्यांतच गेला. टिळक तेव्हा राजद्रोहाची शिक्षा भोगत होते. सुटून आल्यावर कर्जाने वेढलेली ती दौलत सावरण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तकविधान झाले. दोनच महिन्यांत ताईमहाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापुरास दुसरा मुलगा दत्तक घेतला.

तिथून न्यायालयाची पायरी सुरू झाली. १९०२ साली पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी प्रोबेट रद्द केले आणि उलट टिळकांवरच फौजदारी चालवण्याचा मार्ग उघडला. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून १९०३ च्या ऑगस्टमध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, आणि ४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना पूर्ण निर्दोष ठरवले. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. मध्ये वंगभंगाची चळवळ झाली, मंडालेची सहा वर्षे झाली, ‘गीतारहस्य’ लिहून झाले. मंडालेहून सुटून आल्यानंतर, १९१५ च्या मार्चमध्ये, विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तकविधान कायम केले. ७ ऑगस्ट १८९७ च्या कागदाचा शेवट अठराव्या वर्षी लागला. दत्तक घेतलेला मुलगा तोवर मोठा झाला होता.

लोकमान्यांच्या चरित्रात हे प्रकरण त्यांच्या सचोटीची कसोटी म्हणून येते आणि ते योग्यच आहे. मित्राला दिलेल्या शब्दासाठी त्यांनी आयुष्याची किती वर्षे आणि किती पैसा घातला! पण घरातल्या माणसांनी ते आणखी एका बाजूने वाचायला हवे. बाबामहाराजांची निवड चुकली नव्हती, याहून भरवशाचा माणूस त्यांना मिळाला नसता. चुकली ती वेळ. कॉलऱ्याने घेरलेल्या माणसाला एका दिवसात काय काय सुचणार, आणि पत्नीला तरी तो किती समजावणार? जिचे पुढचे सारे आयुष्य त्या कागदावर चालायचे होते, तिला तो कागद परक्यांनी आपल्यावर लादलेला वाटला असेल तर तिला तरी किती दोष द्यावा?

हे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले की आम्हाला एकच गोष्ट ठळक दिसते. एक निरोगी माणसाने, सवडीने, सरळ भाषेत लिहिला. दुसरा अंथरुणावर, घाईत, अनेक ‘जर-तर’ घालून झाला. पहिल्याने बायकोच्या हाती काही दिले. दुसऱ्याने तिचे हात दुसऱ्यांच्या संमतीला बांधले.

बडोद्याचा वाटा

कायदा सुधारण्यात आपले संस्थान मागे नव्हते. बालविवाह प्रतिबंध, विधवाविवाह, घटस्फोट या विषयांवर महाराजांनी कायदे केले. १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कोश निघाला, त्यात मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी आहेत. १९३७ साली संस्थानाने हिंदू कायदा एकत्र करून ‘हिंदू निबंध’ अमलात आणला. सबंध देशाला वारसाचा हिंदू कायदा मिळायला १९५६ उजाडले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे देशाचे कायदे आपल्याला लागू झाले. त्यांतील कलम ३० ने एकत्र कुटुंबातील आपला हिस्साही मृत्युपत्राने देता येऊ लागला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबर जन्मसिद्ध हक्क मिळाला.

आपल्या राजघराण्यातही मिळकतीचा वाद दीर्घकाळ चालला आणि २०१३ साली समेटाने मिटला, तेव्हा साऱ्या शहराला बरे वाटले. घर मोठे असो वा छोटे, मनस्ताप सारखाच असतो.

आईचा मुहूर्त

काकांची सही झाली, घर सावरले, त्यानंतर आईने स्वतःहून विषय काढला. “आता माझा कागद करून टाकू या,” ती म्हणाली. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. अनंत चतुर्दशी नुकतीच झाली होती. आम्ही म्हटले, नवरात्र येऊ दे, आता पितृपक्ष लागतो. ती म्हणाली, “पितरांचीच तर आठवण आहे ही. याहून चांगला मुहूर्त कुठला?” आणि तिचा मुहूर्त फळलाही. श्राद्धाच्या दिवसांत कुणी घर-जमिनीचे दस्त करत नाही, त्यामुळे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गर्दी नव्हती.

वकिलांकडे गेलो तेव्हा आईने वही पुढे केली. आठ दिवस दुपारी बसून तिने यादी केली होती : घर, बँकेतल्या ठेवी, पोस्टातली रक्कम, लॉकर, पाटल्या, मोहनमाळ, देवघरातले टाक, पितळेची भांडी, आणि शेवटी ‘शिवणाचे यंत्र’. वकिलांनी वही घेतली आणि आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितले. आम्ही थोडे चमकलो. मग त्यांनी समजावले की ज्यांना मिळायचे आहे त्यांनीच मृत्युपत्र सांगितले, लिहून घेतले, असे पुढे कुणी म्हटले तर कागदावर संशय येतो. आईचे जे असेल ते आईच्या तोंडून यायला हवे.

मग पाऊण तास आम्ही बाकावर बसलो. आत आई काय सांगते आहे याचा विचार दोघांच्याही मनात होता आणि दोघेही महागाईवर बोलत होतो. अखेर दोघांनाही हसू आले. वडिलांनंतरच्या सगळ्या धावपळीत आम्ही दोघे एकमेकांशी असे मोकळे हसलो नव्हतो.

जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण पहिल्यांदा मृत्युपत्र करणाऱ्याला हेच अडते. मुद्रांकाचा कागद लागत नाही, साधा कोरा कागद चालतो. भाषा कुठलीही चालते. आईने मराठीतच आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले. दोन भाषांत दोन प्रती करू नका, अर्थात फरक पडला तर तोच वाद होतो, असे वकिलांनी बजावले. करणाऱ्याची सही दोन साक्षीदारांनी पाहायला हवी आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या करायला हव्यात. आत काय लिहिले आहे हे साक्षीदारांनी वाचण्याची गरज नसते. ते शक्यतो वयाने लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे असावेत. आमच्या आईचे साक्षीदार म्हणजे घरचे डॉक्टर आणि शेजारच्या गुजराती बेन. डॉक्टर साक्षीला असले की शुद्धीत होते की नाही हा प्रश्न आपोआप मिटतो.

नोंदणी सक्तीची नाही, पण जोतीरावांप्रमाणे केलेली बरी. मन बदलले तर कागद केव्हाही बदलता येतो, शेवटचा खरा धरला जातो. ज्याने हे सगळे अमलात आणायचे त्या व्यवस्थापकाचे नाव घालावे. ‘याखेरीज माझे जे काही निघेल ते अमक्याला’ असे एक वाक्य शेवटी असावे, म्हणजे विसरलेले काही लोंबकळत राहत नाही. वाडवडिलांच्या घरातला फक्त आपला हिस्साच देता येतो, सबंध घर नव्हे. आणि प्रोबेटची जी सक्ती आपण ऐकत आलो ती मूळची मुंबई, कलकत्ता, मद्रास इथली. बडोद्याच्या माणसाने बडोद्यातल्या घराबद्दल केलेल्या मृत्युपत्राला ती नव्हती.

नामनिर्देशनाबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ठेवीला, शेअरला नॉमिनी लावला की झाले, असे आम्हीही समजत होतो. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकर यांच्या पश्चात उद्भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले की शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी हा मालक होत नाही. तो रक्कम ताब्यात घेतो, पण ती मिळते मृत्युपत्राप्रमाणे किंवा कायद्याच्या वारसाला.

बायकांसाठी तर हा कागद अधिकच गरजेचा. मूलबाळ नसलेली विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि नवरा आधीच गेलेला असेल, तर तिने स्वतः कमावलेले धनही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या माहेरी नाही. लग्नानंतर काही महिन्यांत विधवा झालेली, सासरहून हाकललेली, माहेरी राहून शिकलेली आणि नोकरी केलेली एक बाई अशीच गेली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची पुंजी सासरच्यांना दिली, कारण कायद्याचे शब्द तसे होते. एका पानाच्या कागदाने ते टळले असते. आपल्या शाळा-कॉलेजांतून, बँकांतून आयुष्यभर नोकरी केलेल्या किती मावश्या-आत्या आज एकट्या राहतात, त्यांच्याशी कुणीतरी हे बोलायला हवे.

आईचे मृत्युपत्र आता कपाटात कुठे आहे हे आम्हाला माहीत आहे. आत काय आहे ते माहीत नाही आणि आम्ही विचारलेलेही नाही. तिने एवढेच सांगितले, “आत्याला आजीच्या पाटल्या लिहिल्यात. तिला आधी फोन करून विचारलंय.” आत्या त्या दिवशी फोनवर रडली, असे आई म्हणाली. त्या वर्षी गौरींना ती इंदूरहून आली आणि काकूही आल्या.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही दोघांनी आपापले कागद केले. तेव्हा कुणाला मुहूर्ताची आठवण झाली नाही.

चतुर्थीला आपण बाप्पाला बसवतो तेव्हा दीड, पाच, सात की दहा दिवसांचा, हे ठरलेले असते. जाण्याचा दिवस ठाऊक असतो म्हणून कुणी आरती कमी करत नाही. आणि निघण्याआधी उत्तरपूजा केल्याशिवाय मूर्ती जागची हलवत नाही. आपल्या जाण्याचा दिवस आपल्याला ठाऊक नसतो, मग घराची उत्तरपूजा तेवढी आधी करून ठेवलेली बरी. यंदा विसर्जनानंतर पितृपक्ष लागेल. तेव्हा एक दुपार काढावी, वही घ्यावी, आणि यादीला बसावे. शिवणाचे यंत्रही विसरू नये.